गावात बसून गाव बदलायचं कसं? मेंढा (लेखा)च्या वाटेनं जायचं असेल त्यांच्यासाठी

गावासाठी काहीतरी करायचंय म्हणणारी पोरं बहुतेक वेळा तीन कामं करतात. व्हॉट्सॲप ग्रूप काढतात, फ्लेक्स लावतात आणि आमदारांना निवेदन देऊन फोटो काढून येतात. चौथं काम काय ते कुणालाच माहीत नसतं, मग ग्रूपवर गुड मॉर्निंग सुरू होतं. हे लिहिलंय ते त्या चौथ्या कामासाठी.

उदाहरण म्हणून एकच गाव धरतो, गडचिरोली जिल्ह्यातलं धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंड गाव. "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली साधारण १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांतलं हे एक. २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबू वाहतुकीच्या पासचं पुस्तक, ज्याला सगळे टीपी बुक म्हणतात, ते ग्रामसभेच्या हातात दिलं. तिथं जाणारे लोक बांबू बघतात, गावातले जाणते कार्यकर्ते देवाजी तोफा यांच्याबरोबर सेल्फी घेतात आणि मूळ गोष्ट न बघताच परत येतात. बांबू खूप नंतर आला हो. त्याच्याआधी वीसेक वर्षं हे लोक बसत होते, बोलत होते, वाचत होते, परत बसत होते. ते बसायचं कसं हेच शिकण्यासारखं आहे, बाकी त्याच्या मागनं येतं.

थोडा मागचा भाग सांगतो कारण तो कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. ८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम या दोन मोठ्या धरणांत या पट्ट्यातलं प्रचंड जंगल आणि गावं जाणार होती. त्याविरुद्ध "जंगल बचाव, मानव बचाव" हे आंदोलन झालं, बाबा आमटे होते, आदिवासी नेते लालश्याम शहा महाराज होते, हजारो आदिवासी मोर्चात चालले आणि धरणं थांबली. आता बहुतेक ठिकाणी आंदोलन जिंकलं की लोक घरी जातात. मेंढ्यातले लोक पण घरी गेले, पण प्रश्न बरोबर घेऊन गेले, की धरणापासून जंगल वाचवलं खरं पण हे जंगल आपलं आहे का? आपण सरपण आणायला गेलो तरी चोर ठरतो मग वाचवलं कुणासाठी? त्याच सुमाराला चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल तिथं आले. त्यांना सगळ्यांच्या सहमतीनं निर्णय घेणारं गाव बघायचं होतं, अभ्यासायचं होतं. प्रोजेक्ट, फंड, बोर्ड काही न आणता आलेला बाहेरचा माणूस, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तर पहिलं काम अभ्यास गट. नाव जड वाटत असेल तर बैठक म्हणा, पण नियम तेच ठेवा. पाच-सहा जण पुरतात, शंभर नकोत. वेळ लोकांची, म्हणजे जेवणं झाल्यावर रात्री, रोजंदारीवरनं माणूस सहा-सात वाजता येतो त्याला पाचची मीटिंग ठेवून काय उपयोग. जो येईल त्याला बसू द्यायचं, बाहेरचा माणूस आला, मास्तर आला, फॉरेस्टवाला आला तरी बसू द्यायचं, त्याला माहिती असेल ती विचारून घ्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथं निर्णय करायचा नाही. मेंढ्यातली ही युक्ती मला सगळ्यात भारी वाटते. अभ्यास गटात फक्त चर्चा, कितीही रात्री चालो, कुणीही काहीही बोलो. निर्णय ग्रामसभेत, आणि तिथं बाहेरच्याला मत नाही, मग तो कितीही शिकलेला असो. ह्याचा फायदा असा होतो की चर्चेत हारण्या-जिंकण्याचा विषयच राहत नाही, माणूस मोकळं बोलतो, काल बोललेलं आज बदलतो आणि त्याला कुणी टोमणा मारत नाही. आपल्याकडं ग्रामसभेतच पहिल्यांदा विषय निघतो, तिथंच भांडण, तिथंच हात वर, आणि तिथंच पाच वर्षांचं वैर.

विषय कुठला घ्यायचा? जो रोज टोचतो तो. "ग्रामविकास" असा विषय घेतला की भाषण होणार. त्यापेक्षा अंगणवाडीचा पोषण आहार वेळेवर का येत नाही, गायरानावर कुणाचं अतिक्रमण आहे, तेंदूचा बोनस किती आला असे विषय घ्या. मग त्या विषयाचे कागद गोळा करायचे. गावाचा नकाशा, गायरानाचे सातबारे, निस्तार पत्रक (गावाचे जंगल-गायरान वापरायचे जुने हक्क नोंदवलेला कागद), ग्रामपंचायतीचा जमाखर्च, मागच्या दोन-तीन वर्षांचं प्रोसिडिंग. मागून मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा, तीस दिवसांची मुदत असते. अर्ज एकट्याच्या नावावर टाकू नका, वेगवेगळ्या घरातनं तीन-चार जणांनी टाका, म्हणजे एकावर दाब येत नाही. आलेला कागद मोठ्यानं वाचायचा. वाचता येणाऱ्यानं वाचायचं आणि न येणाऱ्यानं अर्थ सांगायचा, असं उलटं करून बघा, मजा येते, कारण गायरान कुठपर्यंत होतं ते सातबाऱ्यापेक्षा म्हातारीला जास्त पक्कं माहीत असतं.

असल्या बैठकांतनं काय निघतं त्याचं मेंढ्यातलंच एक उदाहरण. मध काढायचा म्हणजे पोळ्याखाली जाळ करायचा, माशा मरतात, पोळं संपतं, पुढच्या वर्षी मध नाही. ह्यावर त्यांचा गट बसला, बाहेरच्या जाणकारांना बोलावलं आणि पोळ्याचा फक्त मध असलेला भाग कापून घ्यायची, माशा न मारायची पद्धत शिकून घेतली. अहिंसक मध असं नाव पडलं त्याला. अहिंसा म्हटलं की आपल्याला फक्त उपोषण आठवतं म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता दुसरी गोष्ट, सर्वसहमती. इथं बहुतेक लोक हसतात, की आमच्या गावात दोन भाऊ एका बांधावर सहमत होत नाहीत आणि हे म्हणे सगळं गाव. तर आधी सहमती कशाला म्हणायचं ते बघू. प्रत्येकाला निर्णय मनापासून आवडलाच पाहिजे असं काही नाही. "मला फार पटत नाही पण माझा विरोध नाही, करा" हे पण चालतं. मात्र एकानं जरी स्पष्ट नाही म्हटलं तर त्या दिवशी निर्णय नाही. विषय पुढच्या बैठकीत. मधल्या काळात दोघा-चौघांनी त्याच्या घरी जाऊन बसायचं, चहा प्यायचा आणि ऐकायचं. पटवायला जाऊ नका, ऐकायला जा, कारण नाही म्हणणाऱ्याकडं बऱ्याचदा अशी माहिती असते जी बाकीच्यांकडं नसते. समजा चराईबंदी करायचीय. एक भूमिहीन बाई नाही म्हणते. सगळे म्हणतात हिला गावाचं काही पडलं नाही. घरी गेल्यावर कळतं की तिच्या चार शेळ्या आहेत, दुसरं काहीच नाही, आणि बंदी झाली तर पहिला उपवास तिच्या घरात. मग बंदी पूर्ण डोंगरावर न करता एका बाजूला तीन वर्षं, दुसरी बाजू मोकळी, आणि बंद बाजूचं गवत विळ्यानं कापून न्यायला परवानगी, असा मधला रस्ता निघतो. मतदान घेतलं असतं तर ऐंशी विरुद्ध एक असा ठराव झाला असता आणि पहिल्या पावसात रात्री कुंपण तुटलं असतं. मग राखणदार ठेवा, दंड लावा, पोलीस बोलवा. सहमतीला वेळ जास्त लागतो पण तो वेळ अंमलबजावणीत परत मिळतो.

एकच माणूस मुद्दाम अडवत बसला तर? होतं असं. त्याला एकच काम द्यायचं, तुझा पर्याय घेऊन ये. दरवेळी नुसतं नाही म्हणायचं आणि पर्याय द्यायचा नाही हे तीन-चार बैठकांच्या पुढं जमत नाही, कारण त्याच्या घरातलेच त्याला विचारायला लागतात. ज्याचं खरंच पोट अडकलंय तो मात्र ठाम राहतो, आणि त्याच्यासाठी थांबलंच पाहिजे.

पण एक गोष्ट सरळ सांगतो, मेंढ्याचं कौतुक करणारे हे सांगत नाहीत. मेंढा हे एकाच जमातीचं, छोटं, बऱ्यापैकी समान जमिनीचं गाव आहे. आपल्याकडं सोलापूर, बीड, सांगलीच्या गावात अठरापगड जाती, एकाकडं चाळीस एकर आणि दुसरा त्याच्याच शेतात मजूर, तिथं "सगळ्यांची सहमती आहे ना?" असं चावडीवर विचारलं की सगळे गप्प बसतात आणि सेक्रेटरी लिहून टाकतो, एकमताने मंजूर. मजुराची गप्प बसण्याची कारणं वेगळी असतात, उद्या कामाला बोलावलं नाही तर काय ही भीती असते. बिनविरोध निवडणुकीचं पण तसंच, काही ठिकाणी बिनविरोध म्हणजे चक्क लिलाव. २०२१ ला नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं ह्याच कारणानं रद्द केल्या होत्या. ह्याला सहमती म्हणत नाहीत.

म्हणून मिश्र गावात काही गोष्टी जास्तीच्या कराव्या लागतात. जागा बदलायची, आज मारुतीच्या पारावर तर पुढची बैठक बौद्धवस्तीत, त्याच्या पुढची पारध्यांच्या पालावर किंवा वाडीवर. देवळात बैठक ठेवली की कोण येणार नाही हे आधीच ठरलेलं असतं. बसायला एकच सतरंजी, खुर्च्या कुणालाच नाही, सरपंचाला पण नाही. मोठ्या बैठकीआधी वस्तीवस्तीत छोट्या बैठका घ्यायच्या, तिथं माणूस आपल्या माणसांत बोलतो, आणि ते म्हणणं "अमुक असं म्हणाला" असं न सांगता "वस्तीचं म्हणणं" म्हणून मोठ्या बैठकीत मांडायचं. बायकांचं तर कायद्यातच आहे, ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. ती बहुतेक ठिकाणी रजिस्टरवर होते, सह्या घरोघरी फिरून घेतात. ती खरंच भरवा. एवढं एक केलं तरी सहा महिन्यांत गावातल्या विषयांची यादी बदलते, सभामंडप खाली जातो आणि पाणी, संडास, दारू वर येतात. मेंढ्यात घरटी एक पुरुष आणि एक बाई ग्रामसभेला यावी असा रिवाज ठेवलाय.

कायद्याचं एवढं पाठ करून ठेवा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम ७. वर्षातनं किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. पेसा, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा पंचायतींचा कायदा, लागू असलेल्या भागात तुमचा पाडा किंवा टोला स्वतःची वेगळी ग्रामसभा भरवू शकतो, तिथं गट ग्रामपंचायतीच्या गर्दीत हरवायची गरज नाही.

दारू. हा विषय येणारच, आणि बायकाच काढणार. इथं घाई करू नका असं म्हणतो कारण दारूबंदीचा ठराव करणं सगळ्यात सोपं आणि टिकवणं सगळ्यात अवघड. मेंढ्यात ह्यावर कित्येक महिने चर्चा चालली, कारण देवाला मोहाची दारू लागते, ती बंद कशी करणार. शेवटी देवकार्यापुरती थोडी चालेल, बाकी गाळायची नाही, विकायची नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. बाहेरनं कुणी व्याख्यान देऊन हे झालं नसतं. तुमच्या गावात परवान्याचं दुकान असेल तर वेगळा मार्ग आहे, उभी बाटली आडवी बाटली, म्हणजे दुकान चालू ठेवायचं तर उभ्या बाटलीला मत, बंद करायचं तर आडवीला. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. पण खरी मेख पुढं आहे. आलेल्या मतांच्या निम्मी पुरत नाहीत, गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी माहेरी गेली, जी पुण्याला कामाला आहे, जी मेली पण यादीत नाव आहे, ती सगळी उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्यासारखीच. म्हणून प्रचाराच्या आधी मतदार यादी स्वच्छ करून घ्या, मेलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्यांची नावं कमी करायचे अर्ज काही महिने आधीपासून टाका. बऱ्याच गावात बायका घोषणा देण्यात जिंकतात आणि यादीत हरतात. आणि मतदानाच्या दिवशी बाहेरगावच्या बायकांना आणायला टेम्पो वर्गणीतनं, नेत्याकडनं नाही.

आता सरकारशी किंवा कंत्राटदाराशी भिडायची वेळ येते तेव्हा काय. अहिंसक म्हणजे मवाळ असं नाही, उलट जास्त कडक शिस्त लागते. समोरचा माणूस वनरक्षक असतो नाहीतर तलाठी, त्याचा पगार चाळीस हजार, तो वरचा हुकूम घेऊन आलेला असतो. त्याला कोंडून, शिव्या देऊन काही मिळत नाही, उलट सरकारी कामात अडथळ्याचं कलम, जुनं ३५३ आणि आता नव्या न्याय संहितेतलं १३२, ते लागतं आणि पुढची सहा वर्षं पोरं तारखांना जातात. त्यापेक्षा त्याला बसवा, पाणी द्या आणि एकच वाक्य बोला, "साहेब, हुकूम लेखी दाखवा, आणि आमचं म्हणणं लेखी घ्या." निम्मे प्रकार इथंच थांबतात कारण तोंडी हुकूम कागदावर यायला घाबरतो. पैसे मागितले तर पावती मागा. लाच कुणीच द्यायची नाही असं गावानं आधी मिळून ठरवलेलं असेल तर एकट्या माणसाला "नाही" म्हणणं सोपं जातं, तो म्हणतो माझं काही नाही हो पण गावाचा ठराव आहे.

लेखी देऊन, पोच घेऊन, मुदत देऊन पण काम झालं नाही तर मग सत्याग्रह. त्याची तयारी पण अभ्यास गटातच करायची. मागणी एकच, आणि ती मान्य करायचा अधिकार ज्याला आहे त्याच्याच दारात बसायचं, तहसीलदाराच्या अधिकारातलं नाही ते तहसीलपुढं मागून उपयोग नाही. बोलणारा एक, मोबाईलवर शूटिंग करणारे दोन, आणि चार-पाच जण फक्त आपल्याच माणसांवर लक्ष ठेवायला, कुणी पिऊन आला तर त्याला हळूच घरी पाठवायला. मुलं आणि म्हातारे किती वेळ उन्हात बसणार, पाणी कुठनं येणार, जेवण कुणाच्या घरनं. सुगीच्या दिवसांत सत्याग्रह ठरवू नका, तिसऱ्या दिवशी मांडव रिकामा होतो आणि साहेबाला तेच पाहिजे असतं. मागे हटायचं कधी हे पण आधी ठरवा, लेखी आश्वासनावर उठायचं तर त्यात तारीख आणि सही पाहिजे. "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" ह्या वाक्यावर कधीच उठू नका.

ज्यांच्या गावाला जंगल लागून आहे त्यांच्यासाठी सामूहिक वनहक्काचा दावा. हे सगळं उदाहरणादाखल थोडं सविस्तर देतो कारण गावानं स्वतः कागद करून हक्क मिळवायचा ह्यापेक्षा मोठा मार्ग सध्या तरी कायद्यात नाही. कायदा २००६ चा, नियम २००८ चे, २०१२ ला सुधारलेले. ग्रामसभा भरवायची, ह्या कामासाठीच्या ग्रामसभेला कोरम जास्त आहे, निम्मे सदस्य पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. त्यातनं १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची, तिच्यात पण एक तृतीयांश बायका. दावा नमुना ग मध्ये. क हा नमुना वैयक्तिक शेतीचा, ख सामूहिक हक्कांचा, आणि ग हा सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे जंगल राखायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क. पुष्कळ गावं ख वर थांबतात आणि मग म्हणतात आम्हाला जंगल राखायचा अधिकार का नाही, कारण तुम्ही तो मागितलाच नाही.

पुरावे दोन तरी जोडा. निस्तार पत्रक, जुने नकाशे, गॅझेटियरमधले उल्लेख, जंगलातली देवस्थानं, जुन्या विहिरी, स्मशानाची जागा, आणि म्हाताऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं म्हणणं. हो, वडीलधाऱ्यांचा जबाब हा कायद्यानंच मानलेला पुरावा आहे, तो कमी दर्जाचा समजू नका. सीमा ठरवायला शेजारच्या गावांना बोलवा, त्यांच्याबरोबर शीव चालत जा, डिंक कोण कुठपर्यंत काढतं, गुरं कुठपर्यंत जातात ते तिथंच ठरतं. शेजारच्या गावाशी वाद घेऊन वर गेलात तर फाईल तिथंच झोपते. मग फॉरेस्ट आणि महसूलच्या लोकांना लेखी कळवून जागेवर तपासणी, त्याचा नकाशा, सह्या, ग्रामसभेचा ठराव, आणि फाईल उपविभागीय समितीकडं, तिथनं जिल्हा समितीकडं. प्रत्येक पानाची झेरॉक्स गावात ठेवा आणि दिल्याची पोच, आवक नंबर, शिक्का घ्या. फेटाळलं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि ६० दिवसांत वर दाद मागता येते. "तुमचा दावा बसत नाही" असं कुणी तोंडी सांगितलं तर तो निकाल नाही.

हक्क मिळाला की काय करायचं ते पण गावानंच ठरवायचं, आणि प्रत्येक गावाचं वेगळं निघतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव, २०१२ ला त्यांना हजार हेक्टरच्या आसपास जंगलावर हक्क मिळाला. तेंदूपत्त्यात चांगला पैसा असतो, पण पानं चांगली फुटावीत म्हणून झुडपं छाटतात, आग लावतात. पाचगावनं बसून ठरवलं की तेंदू तोडायचाच नाही, बांबूवर भागवू. असा तोट्याचा दिसणारा निर्णय बाहेरचा कुठलाच सल्लागार देणार नाही. गडचिरोलीतल्या कोरचीकडं गावांनी उलट महाग्रामसभा, म्हणजे अनेक ग्रामसभांची मिळून एक सभा, करून तेंदूचे एकत्र लिलाव केले, ते त्यांच्या ठिकाणी बरोबर.

जंगल नाही, दुष्काळी गाव आहे? मग पाणी. ह्यावर इतकं लिहिलं गेलंय की थोडक्यात आटपतो. हिवरे बाजारचं नाव घेतात तेव्हा सगळे बंधारे मोजतात, पण त्या गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला आणि ऊस-केळी लावायला स्वतःहून बंदी घातली, दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवली, ते मोजा. ४०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात खरं काम ते आहे. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी ७२ च्या दुष्काळानंतर नायगावला पाणी पंचायत उभी केली, तिचा नियम तर अजून पुढचा होता, पाणी जमिनीवर न वाटता माणशी वाटायचं, माणशी अर्धा एकर, भूमिहीनाला पण वाटा, आणि ऊस लावायचा नाही. खर्चाचा २० टक्के भाग लोकांनी आधी भरायचा. जेसीबी आणून नाला खोल करणं सोपं आहे, आलेलं पाणी कुणाचं हे आधी ठरवणं अवघड, म्हणून श्रमदानाचा पहिला टिकाव मारायच्या आधी हा विषय अभ्यास गटात घ्या. नंतर ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी होतं.

बाहेरच्या संस्थेचं काय? येऊ द्या, शिकून घ्या, पण गावाच्या नावानं फंड त्यांच्या खात्यात येत असेल तर बजेट गावात वाचून दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर चहा पाजून निरोप द्या. आणि तुम्हीच जर शिकून गावात परतलेले असाल तर तुम्ही पण थोडे बाहेरचेच आहात, ग्रामसभेत कमी बोला.

आता पैसा, जिथं निम्म्या चांगल्या गावांची वाट लागते. मेंढ्याचा बांबू विकायला लागल्यावर व्यवहार कोटीच्या घरात गेला, तोपर्यंत वर्षानुवर्षं छोटे हिशेब मिळून करायची सवय झालेली होती म्हणून ते पचलं. ग्रामसभेचं स्वतःचं बँक खातं काढा, पॅन काढा. सह्या तिघांच्या, त्यात एक बाई, आणि तिघं एका भावकीतले नकोत. बँकेचा मेसेज येणारा मोबाईल नंबर सरपंचाचा किंवा तुमचा नको, सही नसलेल्या चौथ्या माणसाचा द्या. रोख घरात ठेवायची नाही, कितीही विश्वासाचा माणूस असला तरी, उलट विश्वासाच्या माणसावर तर अजिबात असा बोजा टाकू नका. कंत्राटदाराकडनं ॲडव्हान्स घेताना करार ग्रामसभेत वाचायचा, मजुरी आधी, रॉयल्टी किंवा नफा नंतर. मजुरी वाटप यादी नावांसकट मोठ्यानं वाचली की खोटी हजेरी लगेच सापडते, कारण कोण त्या दिवशी कुठं होतं ते सगळ्यांना माहीत असतं.

हिशेब दर महिन्याच्या बैठकीत पहिला विषय ठेवा, शेवटचा नको, शेवटी निम्मे लोक उठून गेलेले असतात. पासबुक प्रिंट करून आणायचं, जमा किती, गेले किती, उरले किती, ज्याला वाचता येत नाही त्याला शेजाऱ्यानं सांगायचं. ज्यानं खर्च केला त्यानं हिशेब वाचायचा नाही, दुसऱ्यानं वाचायचा. कुणी प्रश्न विचारला तर "माझ्यावर विश्वास नाही का" असं म्हणायला सक्त मनाई, हा नियम प्रोसिडिंगच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली पहिली सही खजिनदाराची घ्या.